अकरा : चौथी मुलाखत

मुलाखत चारची होती आणि अण्णांनी साडेतीनलाच खुर्च्या मांडायला घेतल्या. टेबलाच्या एका बाजूला चार खुर्च्या, समोर लॅपटॉप. लॅपटॉपखाली त्यांनी लिफ्टच्या सुट्या भागांचे दोन जाडजूड कॅटलॉग ठेवले, म्हणजे पडद्यावरच्या माणसाला आपल्याकडे खालून बघावं लागू नये. एवढी रीतभात अण्णांकडे होती. मुलाखत मात्र ते अशी घेत की भल्याभल्यांना घाम फुटे.

या घराचा धंदा लिफ्टच्या देखभालीचा, आणि पन्नास वर्षांत अण्णांनी एकही माणूस या टेबलाशी बसवल्याशिवाय कामावर घेतला नव्हता. आधी चहा. मग एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टची हकीकत पार पहिल्या खटक्यापासून सांगायची आणि गप्प राहायचं. समोरचा काय विचारतो, कुठे घाई करतो, कुठे ‘ठाऊक नाही’ म्हणायची हिंमत दाखवतो, यावरून माणूस कळतो असं अण्णांचं म्हणणं. त्यानंतर घरातल्या आणि धंद्यात असलेल्या प्रत्येकाने त्याला एकेक प्रश्न विचारायचा. सासूबाई, म्हणजे अण्णांची बायको, धंद्यात नव्हत्या, त्यामुळे त्यांना प्रश्न नव्हता आणि खुर्चीही नव्हती. त्या चहा आणत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत.

या खेपेला फरक एवढाच, की बिघडलेली लिफ्ट म्हणजे खारू होती.

खारू ही अण्णांची धाकटी. लहानपणी दिसेल त्यावर चढायची म्हणून खारू, आणि बत्तीस वर्षांची होऊन हाताखाली सहा मिस्त्री आले तरी खारूच. दादा, तिचा मोठा भाऊ, ऑफिस आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या उभ्या अंधाऱ्या बोळात, खरं काम खारूचं. तारेचा दोर नुसता हातातून फिरवून ती सांगायची की कुठला पदर झिजलाय. दादाची बायको हे बघायची आणि मनातल्या मनात तिला हात जोडायची. ती खरं तर एकट्या खारूची वहिनी, पण घरीदारी तिला सगळे वहिनीच म्हणत, अण्णासुद्धा.

आठ महिन्यांपूर्वी एका इमारतीत ब्रेक सुटला. खारू लिफ्टच्या टपावर होती आणि मोठे मिस्त्री, ज्यांनी तिला हे काम शिकवलं ते, खाली शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. लिफ्ट दोन मजले घसरली आणि खड्ड्याच्या दोन हात वर अडकली. दिवे गेले. मोठे मिस्त्री आधी ओरडत होते, मग त्यांचा आवाज बंद झाला. सुटका व्हायला तीन तास लागले, आणि ते तीन तास खारू एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर बसून होती, असं तिला वाटत होतं. मिस्त्री जगले. आता काठी टेकत फिरतात आणि दर रविवारी फोन करून तिची चौकशी करतात. खारू तो फोन घेत नाही. ती झोपतेही बसून, भिंतीला पाठ लावून, आणि खिडकीची कडी वाजली तरी तिचे खांदे कानापर्यंत जातात.

घरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आघातावर डोळ्यांच्या हालचालींची एक उपचारपद्धत आहे. थेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे नजर इकडून तिकडे फिरवत मनात अडकलेला प्रसंग हळूहळू सैल करतात. ‘पण माणूस नीट शिकलेला हवा, नाहीतर रोगापेक्षा इलाज भयंकर.’ गावात असं शिकलेलं एकच माणूस होतं आणि ते नवव्या मजल्यावर बसत होतं. खारू त्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणून ऑनलाइन.

शोधायचं काम वहिनीकडे आलं, कारण ऑफिसची सगळी तपासणीपत्रकं तीच भरायची. इंटरनेटवर तिला हसऱ्या चेहऱ्यांची जत्राच सापडली. कुणी तीन बैठकांत मुक्ती देत होतं, कुणी डोळ्यांच्या जोडीला ग्रहांच्याही हालचाली बघत होतं. वहिनी भुलली नाही. लिफ्टसाठी करायची तसाच तिने तक्ता केला: मूळ शिक्षण कशाचं, नोंदणी चालू आहे का, ही पद्धत कुठे शिकली, आणि शिकल्यावर कुणाच्या देखरेखीखाली काम केलं. नोंदणीच्या कार्यालयांना फोन करकरून तिच्या नाकी नऊ आले. अठ्ठेचाळीस नावांतून तीन उरली. एवढी चाळणी लावणाऱ्या बाईने पुढे जे केलं ते का केलं, हे मात्र तिलाही कळलं नाही. तिने ती तिन्ही नावं अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पहिल्याने खारूकडून सगळी हकीकत ऐकली, ‘बिचारी’ म्हणाला आणि लगेच पडद्यावर बोट हलवायला लागला. खारू दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. दुसरीची कागदपत्रं चोख होती, पण हकीकत ऐकताऐकता तीच रडायला लागली आणि शेवटी खारूलाच तिला ‘असू दे, असू दे’ म्हणावं लागलं. तिसरा प्रामाणिक निघाला. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, ‘इतकं ताजं आणि इतकं खोल काम माझ्या आवाक्यातलं नाही. माझ्याहून अनुभवी एक बाई आहेत, त्यांचा नंबर देतो. आणि एक. यांना हे माझ्यासमोर सांगावं लागलं याचं मला वाईट वाटतं. मी मध्येच थांबवायला हवं होतं.’

अण्णांना तो फार आवडला. ‘ठाऊक नाही म्हणणारा माणूस!’ ते दोन दिवस सांगत होते. वहिनीच्या डोक्यात मात्र शेवटचं वाक्य रुतून बसलं. त्या संध्याकाळी खारू न्हाणीघरात नळ सोडून बसली होती, बादली भरून वाहत होती आणि दार उघडायला ती तयार नव्हती. वहिनी दाराबाहेर जमिनीवर बसली.

“वहिनी,” आतून आवाज आला, “अजून किती आहेत गं?”

“एक.”

“मग ही शेवटची. हिच्यानंतर मी कुणालाही काही सांगणार नाही. आणि माझी अवजारांची पेटी कुणाला तरी देऊन टाका. मला ती बघवत नाही.”

वहिनीला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. माणूस पारखायच्या नादात या पोरीला तीनदा त्या खड्ड्यात उतरवलं होतं, आणि उतरवणाऱ्यांत आपणही होतो.

ती तडक नवऱ्याकडे गेली. “अरे, ही पद्धत बंद करा. अण्णांना सांग.”

“अण्णांच्या पद्धतीने पन्नास वर्षांत एक चुकीचा माणूस घरात आला नाही,” दादा म्हणाला.

“लिफ्टचा बिघाड दहा वेळा सांगितला म्हणून लिफ्ट जास्त बिघडत नाही. खारू बिघडते. तुला दिसत नाही?”

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यालाही दिसत होतं. “दिसतं गं. पण मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची?”

घंटा कुणीच बांधली नाही. नऊ दिवस दोघंही ‘आज सांगू, उद्या सांगू’ करत राहिले, आणि चौथ्या मुलाखतीची वेळ येऊन ठेपली.

चारला पडदा उजळला. पन्नाशीच्या एक बाई, आखूड केस, मागे नीट न लागणारं कपाट. खारू टेबलाच्या टोकाला बसली होती, बाह्या बोटांपर्यंत ओढून. बाईंनी पहिला नमस्कार तिलाच केला.

“मी उगाच मोठ्याने बोलते अशी तक्रार आहे,” त्या म्हणाल्या. “आवाज कानाला लागला तर सांगा. खिडकी उघडी हवी की बंद?”

खारू जरा गोंधळली. गेल्या तिघांनी तिला असलं काही विचारलं नव्हतं. “उघडी,” ती म्हणाली. दादाने उठून खिडकी उघडली.

अण्णांनी घसा खाकरला. “तर बघा. आठ महिन्यांपूर्वी, सकाळी सव्वादहाची वेळ. ब्रेक सुटला. आता पुढचं ती स्वतः सांगेल. सांग बाळा, पहिल्या खटक्यापासून.”

खारूने मान खाली घातली आणि श्वास घेतला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “ते आज नको.”

अण्णांना थांबवायची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे थांबायची सवय त्यांनाही नव्हती. “नको कसं? बिघाड कळल्याशिवाय तुम्ही दुरुस्त काय करणार?”

“कळेल की. त्या सांगतील तेव्हा, आणि सांगतील तेवढाच. या पद्धतीत सगळं बारीकसारीक बोलून दाखवावंच लागतं असं नाही. याआधी किती जणांपुढे सांगून झालंय?”

“तीन,” वहिनी म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा आला.

“कुणी सांगायला लावलं?”

दादा टेबलाकडे बघत राहिला. वहिनीने एकदा अण्णांकडे पाहिलं. घाबरायचं ते नऊ दिवस घाबरून झालं होतं. “आम्ही,” ती म्हणाली. “मी सगळी नावं आणली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला सांगायला लावलं. चूक झाली आमची.”

बाई चुकचुकल्या नाहीत की रागावल्या नाहीत. “चांगला माणूस मिळावा म्हणूनच केलंत. तपासणं सोडू नका, बहुतेक लोक काहीच तपासत नाहीत. पण मला तपासा ना. यांना नका तपासू. विचारा काय विचारायचंय ते.”

वहिनीने आपला तक्ता पुढे ओढला. शिक्षण, नोंदणी, प्रशिक्षण कुणाकडे. बाई सरळ उत्तरं देत गेल्या आणि नोंदणीचा क्रमांक सांगून म्हणाल्या, “पडताळून घ्या.”

“घेतलाय. मंगळवारीच. तुमच्या आडनावात त्यांनी एक अक्षर चुकवलंय.”

“सहा वर्षं झाली अर्ज देऊन!” बाई हसल्या. “आणि अजूनही महिन्यातून दोनदा माझ्या वरिष्ठांशी मी माझ्या कामाबद्दल बोलते. माझं कुठे चुकतंय ते त्या सांगतात.”

पन्नाशीला आलेली बाई आपल्या चुका कुणाला तरी दाखवते हे ऐकून दादा पुढे सरकला. त्याचा प्रश्न तयार होता. “आमच्याकडे इंटरनेट जातं मधूनमधून. ऐन वेळी लाइन तुटली तर?”

“दोन मिनिटांत मी फोन करेन. त्यांनी नाही उचलला तर घरातल्या माणसाला करेन. ते माणूस कोण आणि ते त्या तासाला घरातच आहे, एवढं ठरल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. दुसरं, पहिल्या काही वेळा डोळ्यांचं काहीच करायचं नाही. मन भरून आलं तर स्वतःला सावरता येतं का, ते आधी शिकायचं. तेवढंही पडद्यावरून साधत नाही असं दिसलं, तर तसं स्पष्ट सांगेन आणि समोरासमोर बसणारं कुणीतरी शोधून देईन. तळमजल्यावरचं.”

खारूने मान वर केली. तळमजल्याचं या बाईंना कुणी सांगितलं? वहिनीने फोनवर सांगितलं होतं, आणि बाईंनी लक्षात ठेवलं होतं.

आता अण्णा. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “किती दिवसांत बरी होईल? लिहून द्याल?”

“नाही.”

“अंदाजे?”

“नाही हो. खोटं कशाला बोलू? खूप जणांना फरक पडलेला मी पाहिलाय. काहींना नाही पडला. यांना पडावा म्हणून माझ्याकडून कसूर होणार नाही, एवढंच लिहून देते.”

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माणूस पसंत पडला होता, आणि त्याच माणसाने त्यांच्या तोंडावर त्यांची रीत मोडून काढली होती. आयुष्यात जुन्या दोराची हमी त्यांनी स्वतःही कधी कुणाला दिली नव्हती. ते म्हणाले, “ठीक. आमच्याकडून पसंत. करा सुरुवात.”

“तुमच्याकडून झालं. अजून यांना विचारायचंय,” बाई खारूकडे बघून म्हणाल्या. “आणि ते मी एकट्या त्यांना विचारेन. तुम्ही सगळे आता बाहेर जा.”

“मी बापच आहे तिचा.”

“म्हणूनच.”

अण्णा उठले नाहीत. दादा अर्धवट उठला आणि अण्णा बसलेत हे बघून परत बसला. वहिनी उभी राहिली खरी, पण सासऱ्यांना हाताला धरून उठवायचं कसं? पडद्यावरच्या बाईंना जराही घाई नव्हती. ‘ही शेवटची’ हे खारूचं बोलणं वहिनीच्या कानात वाजत होतं. आता अण्णा म्हणणार, आमच्या घरात अशी पद्धत नाही, आणि लॅपटॉप मिटणार.

“उठा,” स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. या टेबलाच्या मुलाखतीत त्या पन्नास वर्षांत ‘साखर किती’ यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

“उठा म्हणते ना. चाळीस वर्षं तुम्ही शाफ्टमध्ये उतरत होतात. मी कधी आत डोकावले? घरी यायला रात्र झाली तरी कधी विचारलं, काय झालं म्हणून? मी बाहेर बसून राहिले. तेही काम असतं, आणि ते तुम्हाला कधी करावं लागलेलं नाही. चला, मी शिकवते.”

अण्णांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, ही बाई या घरात कधीपासून आहे? मग त्यांनी खारूकडे पाहिलं. खारूने बाहीतून एक हात बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाली, “जा ना अण्णा.”

ते उठले. दार सासूबाईंनी ओढून घेतलं.

बाहेरच्या खोलीत अण्णा दारासमोर उभे राहिले. “दाराकडे तोंड करून उभं राहायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आतल्या माणसाला पाठीवर ओझं होतं. इकडे बसा. घड्याळ उतरवा आधी.” त्यांनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग आणून मधोमध टाकला, त्यातले मोजे उपसले आणि अण्णांच्या मांडीवर ठेवले. “जोड्या लावा. हात रिकामा असला की डोकं नको तिथे जातं.”

पाचशे लिफ्टच्या तारा पाठ असलेल्या माणसाने एक निळा आणि एक काळा मोजा जोडीने गुंडाळला. दादाने तो गुपचूप सोडवला. वहिनी चादरीची दोन टोकं धरून सासूबाईंसमोर उभी राहिली आणि तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, की या घरात दुपारी कपड्यांच्या घड्या इतक्या नीट, इतक्या सावकाश का घातल्या जातात. तिला सासूबाईंच्या पायाशी बसावंसं वाटलं. ते काही तिने केलं नाही, चादरीच्या टोकाला टोक जुळवलं.

“आवाज येत नाहीये आतून,” थोड्या वेळाने अण्णा म्हणाले.

“नाही यायचा.”

“काही झालं असेल तर?”

“तुमचा तरी कुठे यायचा मला?” सासूबाई म्हणाल्या. “तो पायमोजा उलटा आहे.”

अण्णांनी तो सुलट केला. मग बराच वेळ ते तो नुसताच हातात धरून होते. “तीन वेळा सांगायला लावलं मी तिला,” ते म्हणाले, कुणाला असं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. दादा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. असं शेजारी बसायची या बापलेकांना सवय नव्हती, त्यामुळे दोघंही जरा अवघडले, पण दादा उठला नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना दार उघडलं. खारूचा चेहरा धुतल्यासारखा फिका होता आणि डोळे लाल. बरी वगैरे काही झाली नव्हती. एका तासात कुणी होत नाही. पण बाह्या तिने कोपरापर्यंत सारल्या होत्या. ढिगाशेजारी मांडी घालून बसलेल्या बापाकडे तिने पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

अण्णांचं तोंड उघडलं. काय म्हणाली, काय विचारलं, तू काय सांगितलंस, सगळे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर रांगेत उभे होते. त्यांनी तोंड मिटलं. वहिनीने आयुष्यात अण्णांना पुष्कळ अवघड कामं करताना पाहिलं होतं, पण याच्यापुढे ती काहीच नव्हती.

खारू त्यांच्यासमोर जमिनीवर टेकली. “मी हो म्हटलं,” ती म्हणाली. “दर बुधवारी चार वाजता. मला त्या आवडल्या. मी मध्येच गप्प झाले तर त्या पण गप्प बसतात. आणि घरात एक माणूस लागेल. दाराबाहेर बसायला. आत यायचं नाही, कान द्यायचा नाही आणि नंतर मला काही विचारायचं नाही. लाइन तुटली तर फोन घ्यायचा, बास. त्यांना नाव हवंय आजच. कोण बसेल?”

वहिनी ‘मी’ म्हणणार होतीच. दुसरं कोण?

“मी बसेन,” अण्णा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बुधवारी चारला अण्णा मोठ्या इस्पितळातल्या लिफ्ट तपासायला जात. एकतीस वर्षांत एक बुधवार चुकला नव्हता. दादाचं लग्न बुधवारी होतं. साडेतीनला ते मांडवातून गायब झाले आणि सहाला शर्टाच्या कफांना ग्रीस घेऊन फोटोत उभे राहिले. तो फोटो अजून बाहेरच्या खोलीत होता.

“अण्णा, बुधवारी तर तुमचं…” खारू म्हणाली.

“बुधवारी चारला मला काही काम नसतं,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं, कारण कामांचं वेळापत्रक लिहायचं काम तिचं होतं.

“नसतंच,” वहिनी म्हणाली.